आतल्या भिंतीवरचा हात

३ मार्च, गुरुवार

"या यंत्राला तुमच्या हाताची सवय झालीय, बाई." इनामदार सर, आमच्या फिजिक्सचे प्रमुख, हे एकदाच म्हणाले, तेरा वर्षांपूर्वी. तेव्हा यंत्र म्हणजे नुसतं स्टीलचं पोकळ कडं होतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढं, आणि मी स्टुलावर बसून त्याच्यासाठी तांब्याच्या पट्टीची वेटोळी गुंडाळत होते. सर बोलले आणि चहाला निघून गेले. मी ते वाक्य घरी घेऊन आले.

आज सरांनी फळ्यावर नव्या कामाचा आराखडा काढला. म्हणजे काढला उमाने, सरांनी खडू पुढे केला.

उमा स्वामी. उदगीरची. बी.एस्सी.ला माझ्या प्रॅक्टिकलच्या वर्गात होती. सोल्डरिंगची कांडी कशी धरायची ते मी शिकवलं. मग गुजरातेतल्या मोठ्या यंत्रावर चार वर्षं, डॉक्टरेट, आणि जानेवारीत परत लातूरला, आमच्याच कॉलेजात, एका वर्षाच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. मला 'अक्का' म्हणते, उदगीरकडची सवय. मी अजून डेमॉन्स्ट्रेटर.

यापुढे इथे नुसतं उ. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात जड होतो.

तिचं म्हणणं साधं आहे. कड्यातली हवा उपसायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, एका झटक्यात वीज द्यायची. हायड्रोजन तापून गुलाबी होतो, त्याचा प्लाझ्मा होतो, आणि पापणी लवायच्या आत विझतो. तेवढा वेळ त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचं, भिंतीला टेकू द्यायचं नाही. आमचा टेकतो. नेहमी बाहेरच्या भिंतीला. तेरा वर्षं टेकतोय. उ. म्हणते, वरून खाली एक नवं चुंबकक्षेत्र दिलं की तो मधोमध राहील.

हे मला सुचायला हवं होतं. पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं.

हेवा. लिहून टाकला शब्द. बरं वाटलं नाही.

७ मार्च, सोमवार

कलेक्टर कचेरीतून आदेश. कॉलेजची बोअर सकाळी सहा ते दहा आसपासच्या वस्त्यांना खुली. बरोबरच आहे. टँकर तीन दिवसांत आला नाही.

पण कड्याच्या मोठ्या पंपाला भोवती वाहतं पाणी लागतं, नाहीतर आतलं तेल जळतं. आजवर नळाचं पाणी पंपाला वळसा घालून गटारात जायचं. आदेश वाचून सर डोक्याला हात लावून बसले. उ.ने दुपारपर्यंत एक ड्रम, छोटी मोटर आणि प्रिन्सिपॉलांच्या खोलीतला जुना कूलर जोडला. तेच पाणी फिरतं, वाळ्याच्या ताट्यांवरून निथळून गार होतं, परत जातं. एक ड्रम, आठवडाभर.

"वा!" सर म्हणाले.

तेरा वर्षं मी ते पाणी गटारात जाताना पाहिलं आणि एकदाही वाईट वाटलं नाही.

टँकरच्या रांगेतली एक बाई परवा म्हणाली होती, "तुमच्या मशीनीला पानी हाय, अन आमच्या लेकराला न्हाई व्हय वो?" आज ती दिसली तर मीच थांबून सांगितलं, "आता एकच ड्रम लागतो. आम्ही युक्ती केली."

आम्ही.

१० मार्च, गुरुवार

काल वीसपैकी चार वेटोळी काढली. कड्याच्या आत बघायला काचेची नवी खिडकी बसणार, तिला जागा हवी. त्या जागी रुंद वेटोळी येणार, पुण्याहून तयार.

गफूरभाई वर्कशॉपचे. पाना लावताना माझ्याकडे बघत नव्हते. उ. मात्र प्रत्येक वेटोळं हातात घेऊन फिरवून बघत होती. "अक्का, एकाचंही इन्सुलेशन गेलेलं नाही हो. अशी गुंडाळणी तिकडंसुद्धा नव्हती."

टीका केली असती तर भांडता आलं असतं.

आज सकाळी त्यांतलं एक खालच्या व्हरांड्यात पडलं होतं. रांगेतल्या बाईने त्यावर घागर टेकवली. चपखल बसली. "चुंबळ लई झकास हाय की वो ही, बाई!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ते आत नेऊन कपाटात ठेवलं आणि कपाटापाशी बराच वेळ काही काम नसताना उभी राहिले.

१२ मार्च, शनिवार

हे विष्णुपुरीहून आले. धरणाच्या कामावर भांडार सांभाळतात, शनिवारी एस.टी.ने येतात. जेवताना मी उ.बद्दल बोलत राहिले. ड्रम, वेटोळी, सरांचं 'वा!'. ह्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं.

"सवत आली म्हण की."

"कुणाला सवत?"

"तुला. नवरा मी न्हाई ना. नवरा ते तुझं कडं."

रागावून उठले, मोरीत जाऊन हसू आलं. हसण्याच्या आत दुसरंच काही होतं.

१७ मार्च, गुरुवार

किल्ली गेली.

झटक्याची वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या खोलीची एकच किल्ली. तीच किल्ली चार्जिंगच्या कुलपाला. म्हणजे जो आत आहे त्याच्या खिशात किल्ली असते, आणि ती बाहेर येईपर्यंत वीज भरताच येत नाही. शॉटच्या, म्हणजे वीज सोडायच्या, आधी किल्लीवाल्याने मोठ्याने विचारायचं, "सगळे बाहेर?" प्रत्येकाने आपलं नाव घेऊन "बाहेर" म्हणायचं. तेरा वर्षं तो प्रश्न माझ्या आवाजात झाला. सरसुद्धा शाळकरी पोरासारखे म्हणायचे, "इनामदार, बाहेर."

आज सर म्हणाले, "आता कपॅसिटर दुप्पट, बाई. धोका वाढलाय. उमाकडे राहू दे किल्ली."

बरोबर आहे. नवी जोडणी तिची, तिलाच माहीत. मी गळ्यातली दोरी काढून दिली. उ. म्हणाली, "अक्का, राहू द्या ना सर त्यांच्याकडं." सर म्हणाले, "नाही." मला ती मध्ये पडली तेच जास्त लागलं.

दिवसभर हात गळ्याशी जात होता.

२२ मार्च, मंगळवार

खिडकीचं वेल्डिंग झालं. गफूरभाईंनी श्वास रोखून केलं. उद्यापासून आतली सफाई.

आमच्याकडे हा मोठाच सोहळा. आत उघडा हात घालायचा नाही. डोक्याला फडकं, हाताला मोजे. एका बोटाचं तेल निर्वात कड्यात आठवडेच्या आठवडे वाफ सोडत राहतं, काटा खाली येऊ देत नाही. सर पहिल्या दिवसापासून थट्टेने म्हणतात, "यंत्र आता सोवळ्यात आहे हं. कुणी विटाळू नका." सगळे हसतात. दर वेळी तेवढंच.

मी हसत नाही असंही नाही. पण रजिस्टरात मी कधी 'सोवळं' लिहिलं नाही. 'स्वच्छ' लिहिते. तेरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही असं वाटायचं. आज उ. रजिस्टर उघडून सहज म्हणाली, "अक्का, तुम्ही कायम स्वच्छ लिहिता. मी तिकडं मराठीत टिपण ठेवायचे तेव्हा तेच लिहायचे. तुमचं बघून."

म्हणजे एकोणिसाव्या वर्षीच तिने ते पाहिलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं, एवढं एक माझं होतं, तेही.

२४ मार्च, गुरुवार

हे पान कुणी वाचू नये.

उ.ने दोन दिवस आत घासलं. दुपारी तिला ऑफिसात फोन आला. जाताना म्हणाली, "अक्का, पूर्वेचं झाकण लावायच्या आधी टॉर्च मारून एकदा बघून घ्या."

बघितलं. आतली भिंत इतकी लखलखीत मी कधी पाहिली नव्हती. माझ्या वेळी पंचा-अ‍ॅसिटोनवर भागायचं. भिंतीत माझं तोंड दिसलं, वाकडं, रुंद.

उजवा मोजा काढला. हात खांद्यापर्यंत आत घातला आणि डाव्या बाजूला भिंतीवर ठेवला. पूर्ण तळवा. सकाळी केसांना खोबरेल लावलं होतं.

का? लिहून पाहते. निरोप घ्यायला, असं मनाशी म्हटलं होतं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की ठेवताना मला पुरतं माहीत होतं काय होईल.

अ‍ॅसिटोनची बाटली शेजारी होती. पुसायला दोन मिनिटं. उ. परत आली.

"बघितलं?"

"हो."

"ठीक?"

"ठीक."

झाकणाचे बारा बोल्ट मी आवळले. समोरासमोरचे, एकाआड एक, शिकवतो तसे.

२९ मार्च, मंगळवार

पंप लावून चार दिवस. आमच्या मोजणीत काटा पाचावरून सहावर गेला पाहिजे, आकडा वाढला की आत हवा कमी. दर वेळी तिसऱ्या दिवशी जातो. पाचावर चिकटून बसलाय.

पुरवठा खात्याची दोन माणसं टेप घेऊन आली. नवा जिल्हा होऊन वर्ष व्हायचंय, कचेऱ्या अजून जागा शोधत फिरतात. आमच्या हॉलची लांबी-रुंदी घेतली. एकाने कड्यावर टिचकी मारली. "हे कुठं हलवता येतं का?" सर म्हणाले, "पंचवीस एप्रिलला कमिटी येतेय. शॉट बघून जाईल. मग बोलू." माणूस म्हणाला, "आन शॉट न्हाई झाला तर?"



३१ मार्च, गुरुवार

कडं आतून साफ व्हावं म्हणून मंद वीज सोडून ठेवलीय, रात्रंदिवस नाही, बोअरची मोटर चालते तेवढा वेळ सोडून, तेव्हा वीज पुरत नाही. उ.ने नव्या खिडकीपाशी बोलावलं. "बघा अक्का. गुलाबी हवा ना? निळसर मारतंय. तेल आहे कुठंतरी."

मी डोळा लावला. सुंदर दिसत होतं. फिकट निळं, कडेला हिरवट. माझ्या हाताचा रंग.

"वेल्डच्या मागं पोकळी राहिली असेल," ती म्हणाली. "त्यात काही अडकलं असेल." मी म्हणाले, "असेल."

४ एप्रिल, सोमवार

सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. "उघडा हात कुणी घातला होता का आत?"

मी तोंड उघडलं असावं. त्याआधी उ. म्हणाली, "शेवटची आत मीच होते सर. माझ्याकडूनच काही झालं असेल. नाहीतर वेल्ड."

शेवटची ती नव्हती. मी होते. तिला माहीत आहे, तिनेच सांगितलं होतं टॉर्च मारायला. पण ते तिच्या मनातही आलं नाही. माझ्यावर संशय घ्यावा एवढीसुद्धा मी तिच्या हिशोबात नाही, असा विचार आला मला. तिचा विश्वासही मला असा दिसतो आता.

सर म्हणाले, "डॉक्टर झालात म्हणून हात आपोआप साफ होत नाहीत. पंचवीसला शॉट झाला नाही तर तुमच्या पुढच्या वर्षाचं मला काही लिहिता येणार नाही."

उ.चे कान लाल झाले. मला आनंद झाला. खरंच झाला, घशापर्यंत. जेवायच्या सुट्टीपर्यंत तो उतरला. डबा परत आणला.

७ एप्रिल, गुरुवार

गफूरभाई वर्कशॉपच्या दारात बसून होते. विडी हातात, पेटवलेली नाही.

"मॅडम, तुमीच सांगा ना स्वामी मॅडमला. वेल्ड कापणार म्हन्तात. छत्तीस साल झाले, निजामाच्या टायमाला बापाकडं शिकलो. मागं पोकळी र्‍हायली असंल तर हा हात कटरखाली ठिवतो."

"तसं काही म्हणू नका."

"मंग काय म्हनू? वेल्ड कापला म्हंजे गफूरचा वेल्ड कापला. सगळं वर्कशॉप हासंल."

उ. आली. तिचेही डोळे खोल गेलेत. तारखा मोजून दाखवल्या. वेल्डिंगचा गॅस अठराला येणार, तेव्हा वेल्ड कापायचा, परत जोडायचा, घासायचं, पंप लावायचा. काहीही केलं तरी पंचवीसच्या पुढे जातं. "तेलाची जागा कळली असती तर एकच झाकण उघडायचं होतं, अक्का. पुसलं की झालं. चार दिवसांत काटा सहावर."

हे तिने माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं. काही माहीत नसताना.

९ एप्रिल, शनिवार

ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला. हे चप्पल हातात घेऊन खाली बसले, बाहेर निघाले होते.

"मग सरांना सांगून टाक."

"काय सांगू? मी शिवले म्हणून बिघडलं, हे?"

ह्यांनी चप्पल खाली ठेवली. मुखेडकडच्या आमच्या खेड्यात आई विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतेल तेव्हा. मी तिच्या पदराला धरून. ते ह्यांना सांगायला लागत नाही, त्यांच्याही आईचं तेच. आणि आता मी, शिकलेली, सरकारी पगार घेणारी, सरांसमोर उभी राहून माझ्याच तोंडाने तो शब्द खरा करायचा?

मग हे म्हणाले, "तेल हे तेल असतंय. उमाबाईचा हात लागला असता तर?"

"तेच झालं असतं."

"इनामदाराचा?"

"तेच."

"मग जातीचं काय त्यात? तू हात ठिवलास ते तिचं बघवंना म्हणून."

चप्पल घालून गेले. मी बसून राहिले. त्यांनी बोट नेमकं ठेवलं होतं. हेवा लपवायला मी आईला पुढे उभं केलं होतं. त्या विहिरीवरून उचलून. ती असती तर काय म्हणाली असती ते लिहीत नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

उ.ने डबा माझ्या टेबलावर आणला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, उदगीरहून आईने पाठवलेली. "खा हो अक्का, तुम्ही वाळत चाललाय." स्वतः काही खाल्लं नाही. बोटं नाकाशी नेत होती, सारखी. सवय लागल्यासारखी.

मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नसले तर ड्रमचं पाणी दर सोमवारी बदला. शेवाळ धरतं. आणि ते पाणी फेकू नका, दारच्या निंबाला घाला."

हिला जाताना निंब आठवतो. मला कपाटातलं वेटोळं आठवतं.

भाकरी मी पुरती खाल्ली.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. पांढरी साडी, विहारात वंदना. दर वर्षी पोरींपुढे मीच पाच शीलं म्हणते, त्या मागून म्हणतात. चौथं शील, खोटं न बोलण्याचं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पुढच्या रांगेतल्या सुमनला वाटलं मी विसरले. तिने ते म्हटलं, मोठ्याने, माझ्यासाठी. बाकीच्या तिच्या मागून म्हणाल्या.

मिरवणुकीला थांबले नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

हॉलमध्ये ती एकटी होती, वेल्डवर खडूने खुणा करत होती. मी म्हणाले, "वेल्ड कापू नकोस. पूर्वेचं झाकण उघड. डावीकडे, खांद्याइतकं आत. माझा हात आहे."

खडू थांबला. "कसला हात?"

"उघडा. चोवीस मार्चला. तू फोनला गेलीस तेव्हा."

मला वाटलं ओरडेल. तिने रजिस्टर ओढलं. "कुठला? उजवा? बोटं का पूर्ण तळवा? हाताला काही होतं? किती वेळ?" मी उत्तरं देत गेले, ती लिहीत गेली. खोबरेल. पाच-सहा श्वास. मला क्षणभर वाटलं की ही खरंच मोठी आहे, आणि त्याही क्षणी हेवा वाटला.

मग पेन ठेवलं.

"दोन आठवडे, अक्का. दोन आठवडे मी माझे हात हुंगत होते. साबण बदलला. केसांचं तेल बंद केलं. आईला म्हणलं माझ्या हातात काही दोष आहे का बघ."

मी हात पदराखाली घेतले.

"चुकून झालं?"

"नाही."

"मग का?"

"तुझा हेवा वाटला."

"माझा?" ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात नवीन आलेल्या कुणाकडे बघावं तशी. "मग भांडायचं होतं की हो. येऊन एक थोबाडीत द्यायची होती. मी खाल्ली असती."

जाताना मी दारात थांबले, ती काही म्हणेल म्हणून. ती खडूच्या खुणा पुसत होती.

१६ एप्रिल, शनिवार

सरांना सांगितलं. कालच सांगायचं होतं, ते उदगीरला लग्नाला गेले होते.

मी सरळ वाक्यं पाठ करून गेले होते. हात माझा, जाणून ठेवला, उमाचा दोष नाही, गफूरभाईंचा नाही, तिच्या नेमणुकीचं जे लिहायचं ते त्याप्रमाणे लिहा.

सर म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्हीच यंत्र विटा—"

आणि थांबले. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडात अर्धा राहिला. खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर रांग होती, घागरी होत्या. मी वाट न बघता म्हणाले, "घाण केलं, सर. खोबरेल तेलाने. कुणाच्याही हाताने झालं असतं. माझ्या हाताने केलं."

सर खिडकीकडून वळले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मग टेबलावरचे कागद सारखे करत, "उमाचं मी नीट लिहीन. गफूरलाही बोलावून सांगतो. तुम्ही काही दिवस प्रॅक्टिकलचा वर्गच बघा. हॉलमध्ये येऊ नका. पंचवीसलाही नको."

बरोबर आहे.

व्हरांड्यात गफूरभाई भेटले. कळलं होतं. "मॅडम, माझा वेल्ड वाचला म्हनून शुक्रिया म्हनू, का इतके दिवस मला जाळलं म्हनून शिव्या देऊ? कळंना." दोन्ही द्या, मी म्हणाले. त्यांनी एकही दिलं नाही. विडी पेटवली.

उमा समोरून गेली. "नमस्कार, मॅडम," म्हणाली.

मॅडम. अक्का नाही.

१७ एप्रिल, रविवार

हे काल आले. सगळं ऐकून घेतलं. "झालं ना सांगून? आता नीज," म्हणाले. आज दिवसभर घराचा नळ दुरुस्त करत बसले, ज्याला पाणीच येत नाही.

हेवा गेला असेल असं वाटलं होतं. सांगितलं की जातो, असं. गेलेला नाही. जागा बदललीय फक्त.

उद्या सकाळी बोअरची रांग उठली की पूर्वेचं झाकण उघडणार. गफूरभाई टॉर्च धरतील. उमा हात आत घालेल आणि माझा तळवा पुसून काढेल. त्या वेळी मी खालच्या मजल्यावर पोरांना लंबकाचे झोके मोजायला लावत असेन. चार दिवसांत काटा सहावर गेला तर वरून आवाज येईल. नाही गेला तर तोही कळेल, पुरवठा खात्याची कपाटं जिन्यावरून चढताना. मला या कशाचा नाही, त्या पुसण्याचा हेवा वाटतो. तेवढं काम माझं होतं. माझ्या वाटणीचं उरलेलं तेवढंच.

तिला चिठ्ठी लिहिली. सकाळी गफूरभाईंच्या हाती देईन. ते देतील की नाही माहीत नाही. ती वाचून घडी करून खिशात ठेवेल आणि मोजे घालेल, हे मला इथे बसून दिसतंय. कोण देईल परत तो हात आत घालायला? मीच दिला नसता. तरी लिहिलीय. नक्कल इथे ठेवते.

"उमा,

झाकण उघडल्यावर आत हात मला घालू दे.

मोजे दोन चढवीन, खांद्यापर्यंत. केस आज रिठ्याने धुतलेत, फडकं तू बांध, तुला हवं तेवढं घट्ट. बोळा तूच भिजव. तू शेजारी उभी राहा आणि डोळे माझ्या हातावरून काढू नकोस. सरांना विचारायचं तर विचार, ते नाही म्हणतील. तुलाही हो म्हणवणार नाही. टॉर्च मारलीस तरी तिथं काही दिसायचं नाही, पण जागा मला अंधारातही सापडेल.

मला ती पुसू दे."